सोमवार बैलांचा होता

माय बैलांच्या शेजारी बसली होती. एवढाच तिचा गुन्हा.

आखाड्यावर लिंबाचं झाड होतं. आखाडा म्हणजे शेतातलाच गोठा, कडबा, अवजारं आणि आमच्यासारख्या गड्यांचं राहणं, सगळं एकाच पत्र्याखाली. गाव परभणीजवळच्या झरीच्या बाजूचं. लिंबाखाली मालकाचे दोन्ही बैल बसले होते, डोळे अर्धे मिटून रवंथ करत. आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, म्हणून नंदीलाही सुट्टी. पेरणी तोंडावर आलेली असो की वखरणी अडलेली असो, सोमवारी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. त्या दिवशी त्यांना धुवायचं, खरारा करायचा, हिरवा चारा टाकायचा. पद्धत चांगली आहे. तिच्यावर माझा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही.

मायला ताप होता. सकाळी तिनं मालकाच्या घरचं शेण काढलं, अंगण झाडलं, पाणी भरलं. मग आखाड्यावर येऊन बैल धुवायला विहिरीवरून घागरी आणायला लागली. दुपारी तिचे पाय कापायला लागले. ती लिंबाच्या सावलीत टेकली, रिकामी पाटी पालथी घातली आणि तिच्यावर डोकं ठेवलं. मी जवळच होते. सातवीत होते, पण त्या दिवशी शाळा बुडवली होती. मायच्या हातातली अर्धी कामं मलाच उरकायची होती.

मालक मोटारसायकलवर आला. मागून दोघं-तिघं पाहुणे आले. त्यांना बैल दाखवायचे होते. मालकानं आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मायेनं. मग मायकडं बघितलं. तिला हात नाही लावला. बुटाच्या टोकानं पाटी सरकवली. मायचं डोकं मातीत आपटलं.

"सोमवार बैलाचा असतोय. तुला कोनता वार दिलाय ग?"

शब्द हेच. ओरडला नाही. हसत म्हणाला. पाहुणेही हसले.

माझा बाप कडब्याची पेंढी हातात घेऊन उभा होता. तोही हसला.

माय उठली. पदरानं कपाळाची माती पुसली. "चुकलं मालक," म्हणाली आणि घागर उचलली. ताप अंगात घेऊन तिनं त्या बैलांना आंघोळ घातली. बैल बसून होते. एकानं तर डोळेही उघडले नाहीत. मी विहिरीवर दोर ओढत राहिले. मला रडू येत नव्हतं. मला फक्त बापाचं हसू दिसत होतं. मालक हसला की गड्यानं हसायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगात मुरलेलं होतं. पण त्या वयात मला हे कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हाही ते हसू मनातून गेलं नाही.

आम्ही मूळचे मेंढरांवाले. आज्याच्या काळी मोठा कळप होता म्हणतात. मी पाहिला तो शेवटचा उरलासुरला. गायरानं संपली, एका पावसाळ्यात रोग आला, मेंढरं पटापट गेली. बापानं पाडव्याला मालकाकडं साल धरलं. सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा माणूस. मालक म्हणेल तेव्हा उठायचं, मालक म्हणेल तेव्हा जेवायचं. आणि गडी ठेवला की गड्याची बायको त्यातच आली. तिचं वेगळं काही धरायचं नसतं. शेण तिचं, झाडलोट तिची, पाणी तिचं, मालकाच्या घरात बाळंतपण असलं तर तेही तिचंच. एक पाडवा गेला की दुसरा यायचा. बाप दरवर्षी म्हणायचा, औंदा साल सोडू. दरवर्षी तोच मालक, तोच आखाडा.

मायला मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. जेवायची तीही उकिडवी, एक कान बाहेर ठेवून. आडवी झाली तरी डोळा लागत नसे. म्हणायची, "अंग टेकलं की मला हाक ऐकू येतीय." हाक कुणी मारलेली नसायची. तरी ती उठून दाराशी जायची, बघायची, परत यायची.

पुढं ती परभणीच्या दवाखान्यात वारली. छातीत पाणी झालं होतं. दिवसाउजेडी मायला खाटेवर पडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला ते विचित्र वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण शुद्ध हरपली तरी ती सारखी उठायला बघायची. सलाईनचा हात ओढायची. "शेण पडलंय तिकडं," म्हणायची. नर्स रागावली, मग मीच तिचे खांदे दाबून धरले. शेवटचे शब्द माझ्याशी नव्हते. बापाशी नव्हते. "उठते मालक, उठते," असं म्हणत माझी माय गेली. मी तिला दाबून धरलेलंच होतं.

राख सावडून झाली आणि मालकाच्या घरून निरोप आला. उद्यापासून झाडायला कोण येणार? बापानं माझ्याकडं बघितलं. मी झाडू घेतला. त्या दिवशी आणखी एक गोष्ट माझ्याकडं आली, झाडूपेक्षा जड. मी आडवी झाले की मला ऐकू यायला लागलं. उठते, उठते. मायच्याच आवाजात.

माझं लग्न मानवतला झालं. नवरा जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा. माणूस चांगला होता, पण थोड्याच वर्षांत खोकून खोकून गेला. पदरात एक पोरगी. सासरी दीर-जावांना आमचं ओझं झालं. तेव्हा बापानंच मालकाच्या हातापाया पडून माझी सोय लावली. मालकाच्या मुलानं परभणीत बंगला बांधला होता, म्हातारा मालकही तिथंच राहायला आला होता. सुनेला घरकामाला बाई हवी होती. ओळखीतली, हाताखालची. मी वस्तीत एक खोली घेतली आणि बंगल्यावर जायला लागले.

सुनेला मी वहिनी म्हणायचे. शिकलेली बाई. तिनं मला कधी शिवी दिली नाही, हे मी मुद्दाम सांगते. बोलणं गोड. "तू काही परकी नाहीस, घरचीच आहेस," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. मला भरून आलं होतं. पुढं कळलं घरची म्हणजे काय ते. परक्या बाईला सुट्टी द्यावी लागते, घरचीला नाही. बंगल्यात सोफा होता, खुर्च्या होत्या, झोपाळा होता. मला बसायला पाट पण नव्हता. फरशी पुसताना गुडघे टेकायला मिळायचे, तेवढंच माझं बसणं.

थकवा म्हणजे काय, हे बसून खाणाऱ्यांना सांगून कळत नाही. हातपाय दुखणं म्हणजे थकवा नव्हे. ते झोपलं की जातं. माझं झोपल्यावर सुरू व्हायचं. डोळा लागला न लागला की दचकून उठायचे. दाराशी जायचे. पोरगी म्हणायची, "आई, कुनी न्हाई ग, झोप." छातीत सतत कुणीतरी धावतंय असं वाटायचं. देवाला नवस केले. गंडा बांधला. दवाखान्यात गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी झोप यायची, विसावा नाही यायचा.

आमच्या शेजारच्या खोलीत सुलोचनाबाई राहायची. पूर्णेची. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारल्यावर लेकाच्या कामापायी परभणीत आली होती. ख्रिस्ती माणसं. मला आधी त्यांच्याबद्दल फार काही माहीत नव्हतं, वस्तीत लोक काहीबाही बोलायचे तेवढंच. एक दिवस नळावर माझी कळशी हातातून सुटली. मी तिथंच भिंतीला धरून उभी राहिले. सुलोचनाबाईनं विचारलं, "बाई, तू शेवटची बसलीस कवा?"

मी कळशी उचलायला वाकले.

"इतवारी सकाळी माझ्यासंगं चल," ती म्हणाली. "प्रार्थना हाय. काय करायचं न्हाई तिथं. नुसतं बसायचं."

खोटं कशाला बोलू, मी देवासाठी गेले नाही. बसायला मिळतं म्हणून गेले.

पत्र्याची एक लांब खोली होती. खाली सतरंज्या. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. प्रार्थना चालवणारा पाळक म्हणजे एक साधा माणूस, आठवडाभर वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा, हातावर भाजल्याचे डाग. गाणी झाली. मी भिंतीला टेकून बसले. कुणी मला उठ म्हणालं नाही. पाय पसरले तरी कुणी बघितलं नाही. आणि मी झोपले. प्रार्थनेत, सगळ्यांसमोर, ढाराढूर झोपले.

जाग आली तेव्हा खोली रिकामी होत आली होती. माझ्या डोक्याखाली कुणाची तरी शाल घडी करून ठेवलेली. मी धडपडून उठले. कोपऱ्यात झाडू दिसला. मी झाडू उचलला आणि झाडायला लागले. चूक झाली होती, आता काम करून ती भरून काढायची. मला दुसरं काही येतच नव्हतं.

सुलोचनाबाईनं माझं मनगट धरलं. "ठेव खाली," म्हणाली. "तू पाहुनी हायेस."

बाया बघत होत्या. कुणी हसलं नाही. मी झाडू हातात धरून रडले. लहानपणी लिंबाखाली जे रडू आलं नव्हतं ते तिथं आलं. शाल कुणाची होती ते मी विचारलं नाही. पाळकाच्या बायकोची होती, हे नंतर समजलं.

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी जायला लागले. प्रार्थना संपली की पळत बंगल्यावर. वहिनी घड्याळाकडं बघायची, मी भांड्यांकडं. हळूहळू गोष्टी कानावर पडायला लागल्या. येशूबद्दल सांगायचे, की तोही चालून चालून थकायचा, विहिरीच्या काठावर बसायचा, नावेत झोपायचा. थकणारा देव मला माहीत नव्हता. तो थकल्या-भागल्यांना हाक मारतो, ओझं वाहणाऱ्यांना म्हणतो माझ्याकडं या, मी तुम्हाला विसावा देतो. मला हाक म्हणजे काम हेच ठाऊक होतं. बसण्यासाठी हाक मारणारा कुणी असतो, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. मी डोळे मिटून त्याच्याशी बोलायला लागले. माझं काही मागणं नव्हतं. मी आले, एवढंच म्हणायचे. छातीतलं ते धावणं एकदम नाही थांबलं. पण कधीतरी थांबायला लागलं, थोडा वेळ का होईना.

मग तो रविवार आला. पाळक देवाच्या आज्ञा सांगत होता. मला अक्षर न् अक्षर आठवत नाही, माझ्या भाषेत सांगते. सहा दिवस काम कर. सातव्या दिवशी करू नको. तू नको, तुझ्या लेकानं नको, लेकीनं नको, तुझ्या गड्यानं नको, तुझ्या घरच्या कामकरणीनं नको, तुझ्या बैलानं नको. तुला जसा विसावा, तसाच तुझ्या गड्याला मिळू दे.

मी मध्येच बोलले. असं कुणी बोलत नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं. "बैल हाय का त्याच्यात?"

"हाय ना," पाळक म्हणाला.

"आन् गडी बी?"

"गडी बी. गड्याची बाई बी."

"दोगं एकाच वाराला?"

त्यानं परत वाचून दाखवलं. मी ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला आनंद झाला नाही. सगळ्यांना वाटतं देवाचं वचन ऐकलं की आनंद होतो. मला संताप आला. म्हणजे हे इतक्या जुन्या काळापासून सांगून ठेवलेलं होतं. गड्याची गणती त्यात होती. माझी माय त्यात होती. आणि ती मात्र घागर उचलून मेली. तिच्यापर्यंत हे यायला एवढा उशीर का लागला, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी सुलोचनाबाईला विचारलं, "माझी माय त हा देव न जानताच गेली. तिला मिळाला आसंल का विसावा?"

"मला न्हाई ठाऊक," ती म्हणाली. "मी शिकलेली न्हाई. पन ज्यानं बैलाचा इचार केला, त्यो तुझ्या मायला इसरल आसं मला वाटत न्हाई."

तिनं खोटा धीर दिला नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला. तरी हा प्रश्न माझ्यात आहे. मी प्रार्थनेत तो रोज त्याच्यापुढं ठेवते. कधी रागानं ठेवते, कधी रडून.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडं रविवार मागितला. अख्खा रविवार. ती भाजी निवडत होती. हसली. "अगं, घरच्या माणसाला कुठे सुट्टी असते? मी घेते का कधी सुट्टी?" तिच्या मागं टीव्ही चालू होता आणि पायाखाली मी पुसलेली फरशी होती. पुन्हा मागायचं धाडस झालं नाही. मला काम गमवायची भीती होती आणि त्याहून मोठी भीती बापाची. बाप अजून आखाड्यावर राहत होता. काम होत नव्हतं त्याच्यानं, पण मालकानं पत्र्याखाली राहू दिलं होतं. मी काही बोलले की ते छप्पर जाणार, हे मला लिहून द्यायची गरज नव्हती.

थंडीच्या दिवसांत मालकाच्या नातीचा साखरपुडा ठरला. रविवारीच. वहिनीनं आठवडाभर आधी सांगितलं, "पहाटेच ये. रात्रीपर्यंत लागेल." मी म्हटलं, शनिवारी उशिरापर्यंत थांबते, लागेल ते रांधून ठेवते, सोमवारी पहाटे येऊन सगळी भांडी घासते. रविवार नाही जमणार.

वहिनीनं माझ्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच बघितलं असावं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. तू नको येऊस. पोरीला पाठव. दहावीत आहे ना, मोठी झाली आता. हाताला कामाची सवय लागेल."

माझी पोरगी शाळेत जाते. मी सगळं सोसलं ते तिच्या हातात झाडू येऊ नये म्हणून. आणि इथं किती सहज ठरलं. माय पडली की लेक. लेक पडली की तिची लेक. साल धरायला पाडव्याचीही गरज नाही.

"पोरगी न्हाई येनार," मी म्हटलं.

वहिनीनं सासऱ्याला हाक मारली. म्हातारा मालक झोपाळ्यावर बसला होता. मला समोर बोलावलं. मी उभी राहिले.

"वार धरलायस म्हन तू," तो म्हणाला. आवाज तोच, हसरा. "त्या लोकायच्यात जायलीस. काय देतेत तिथं? तांदूळ? लुगडी?"

"बसू देतेत," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"सतरंजी आसतीय मालक. तिच्यावर बसू देतेत."

वहिनी हसली. त्याला काही समजलं नाही. समजेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"तुझ्या मायनं आमच्यात जिंदगी काढली," तो म्हणाला. "तिला कवा सुट्टी लागली न्हाई."

"लागली होती मालक. तुमी दिली न्हाई."

झोपाळा थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते हसू नसलेला मालक मी कधी पाहिला नव्हता. म्हातारा दिसला एकदम.

"इतवारी पोरगी आली न्हाई त तुझ्या बापानं आखाडा सोडायचा. पत्रा माझा हाय."

मी घाबरले. हे मी लपवत नाही. माझे पाय कापायला लागले, अगदी मायसारखे. बाप डोळ्यांसमोर आला, या थंडीत, कुठं जाणार तो. एक शब्द हो म्हटलं असतं की सगळं जागच्या जागी राहिलं असतं. एकच रविवार. पण मला माहीत होतं की एक कधी एक नसतो. पोरीनं एकदा त्या फरशीवर गुडघे टेकले की ती तिथलीच होणार होती.

पाय धरेनात. मी खाली बसले. तिथंच, त्याच्यासमोर, फरशीवर मांडी घालून. आमच्या घरातलं कुणी त्याच्यापुढं असं बसलं नव्हतं.

"ऊठ," तो म्हणाला.

मी बसून राहिले. बंड करायचं म्हणून नाही. खरंच उभं राहवत नव्हतं. मी मनात म्हटलं, येशू, मी आले. आणि ज्या विसाव्यासाठी मी इतकी वर्षं तळमळले तो मला त्या घरात, त्या माणसाच्या नजरेखाली मिळाला. छातीतलं धावणं थांबलं. उठते, उठते, हा आवाज थांबला. मला ऐकू येत होता तो फक्त माझा श्वास. पाय स्थिर झाल्यावर मी माझ्या मनानं उठले.

"पोरगी येनार न्हाई. मी बी येनार न्हाई. कोनच्याच वारी न्हाई," मी म्हटलं. कमरेला खोचलेलं फडकं काढून ओट्यावर ठेवलं आणि निघाले.

त्या रविवारी मी पोरीला घेऊन सतरंजीवर बसले. गाणी म्हटली. आणि त्याच दिवशी बाप आखाड्यावरून निघाला. घोंगडी, एक पत्र्याची पेटी आणि फडक्यात बांधलेले खंडोबाचे टाक. टेम्पोवाल्यानं वस्तीच्या तोंडाशी उतरवून दिलं. मी प्रार्थनेहून आले तेव्हा तो माझ्या दारात उभा होता. मी देव मांडायला कोपरा रिकामा करून दिला. त्याच्या देवाशी माझं भांडण नाही.

बाप पहिलं वाक्य बोलला ते हे. "इतवार आपल्या खंडोबाचा बी हाय. आमी उपास धरला. काम न्हाई सोडलं."

"मालकानं सोडू दिलं नसतं," मी म्हटलं.

"एका वारापायी माझं मरायचं ठिकान गेलं."

ते खरं आहे. त्याचं आयुष्य त्या पत्र्याखाली गेलं, त्याची बायको तिथं राबली, त्याला तिथंच डोळे मिटायचे होते. माझ्या विसाव्यापायी त्याचा आसरा गेला. कुणी मला विचारतं, देव भेटला मग आता सुखात असशील. मी त्यांना बापाकडं बघा म्हणते. तो खोलीत बसत नाही. दाराबाहेर उभा राहतो. गल्लीतून मोटारसायकल गेली की अजून सावरून उभा राहतो, हात आपोआप डोक्यावरच्या पटक्याकडं जातो. मला ते बघवत नाही. "बाबा, बसा," मी म्हणते. तो ऐकत नाही. बसायचं कसं ते त्याला आता कुणीच शिकवू शकणार नाही, माझा देवही नाही, असं कधी कधी वाटतं, आणि तसं वाटलं की मी रडते.

बंगल्याच्या ओळखीतल्या कुणी मला काम दिलं नाही. धर्म बदललेली बाई, उलट बोलणारी बाई, असं पसरलं. खरं तर मी कागदावर काहीच बदललेलं नाही, पण तिकडं कोण ऐकतंय. आता मी स्टेशनकडच्या एका खानावळीत भाकरी थापते. काम शोधताना मी आधीच सांगायचे, रविवार नाही. तीन-चार ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलं. खानावळवाल्या मावशीनंही विचारलं, "एखांदा इतवार लय गर्दी झाली त?" मी म्हटलं, "त दुसरी बाई बघून ठेवा." तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि ठेवून घेतलं.

मागच्या शनिवारी मी घरी परातीत पीठ काढत होते, तेव्हा बंगल्यावरचा ड्रायव्हर वस्तीत आला. वहिनीचा निरोप होता. नवी बाई टिकत नाही. झालं गेलं विसरून जा. म्हातारे मालक आजारी आहेत, त्यांचं करायला माणूस हवं. बापाला परत आखाड्यावर राहता येईल. तू सकाळी तुझी प्रार्थना करून ये, आमचं काही म्हणणं नाही. तू थकलीस तर पोरगी आहेच मदतीला.

बाप दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. माझ्याकडं बघितलं. तेच बघणं, माय गेल्यावर बघितलं होतं तसं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हातारा माणूस, फक्त आपलं छप्पर मागत होता, आणि ते द्यायला मला एका शब्दाचंच काम होतं.

मी परातीवरून हात उचलला नाही. "वहिनींना सांग," मी ड्रायव्हरला म्हटलं, "म्हातारे मालक आजारी हायेत हे ऐकून वाईट वाटलं. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, खरंच करीन. पन मी येनार न्हाई. आन् माझ्या पोरीचं नाव त्या घरात पुन्हा कुनी काढायचं न्हाई."

ड्रायव्हर गेला. बाप गल्लीत निघून गेला. पोरगी आत अभ्यास करत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. मी पिठात पाणी घातलं. रविवारी आमच्या घरात गॅस पेटत नाही, म्हणून उद्याच्या भाकरीही आजच थापायच्या होत्या. बापाच्या वाटणीच्या दोन जास्त धरून मी थापायला बसले.